वाचक विचारतात: बेल अँड सबॅस्टियनचे सुरुवातीचे अल्बम

मागच्या अंकात मी ग्लासगोच्या बेल अँड सबॅस्टियन या बँडबद्दल दोनच परिच्छेद लिहिले होते, आणि त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की यांचे पहिले दोन अल्बम म्हणजे खरं तर एकच अल्बम आहे आणि तिसऱ्यापासून हा बँड वेगळा झाला. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली, काही प्रेमाची, काही चांगलीच रागावलेली. जमतील तेवढ्यांना उत्तरं देते.

प्रश्न: ताई, मी यांचं एकही गाणं ऐकलेलं नाही. हे लोक कोण आणि सुरुवात कुठून करू?

हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे. स्टुअर्ट मर्डॉक आणि स्टुअर्ट डेव्हिड हे दोघं तिथे बेरोजगार संगीतकारांसाठीच्या एका सरकारी प्रशिक्षण वर्गात भेटले, तिथून सगळं सुरू झालं आणि 1996 च्या सुरुवातीला बँड जमला. मर्डॉक गाणी लिहितो आणि गातो, डेव्हिड बेस वाजवायचा. मग गिटारवर स्टीव्ही जॅक्सन आला, कीबोर्डवर ख्रिस गेडिस, ड्रमवर रिचर्ड कोलबर्न, चेलो घेऊन इझोबेल कॅम्पबेल, आणि थोड्या काळाने व्हायोलिनवर सारा मार्टिन. ट्रम्पेट मिक कुक वाजवायचा. नाव घेतलंय सेसिल ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या एका छोटा मुलगा आणि त्याच्या कुत्र्याच्या गोष्टीवरून.

सुरुवात 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' या दुसऱ्या अल्बमपासून कर. नोव्हेंबर 1996 मध्ये आला, दहा गाणी आहेत, एकही वगळण्यासारखं नाही. पण घाईत ऐकू नकोस, पहिलं गाणं इतकं हळू सुरू होतं की आवाज येतोय की नाही तेच कळत नाही आणि मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो. थांब जरा. दोन मिनिटांनी ते गाणं स्वतःच वाढतं, ट्रम्पेट येतं आणि सगळं उजळून निघतं. आधीच आवाज वाढवलास तर ते उजळणं हातचं जाईल.

प्रश्न: पहिले दोन अल्बम एकच, हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? मला तरी 'टायगरमिल्क' आणि 'सिनिस्टर' यात खूप फरक वाटतो.

फरक आहेच, नाही कुठे म्हणते मी. पण आधी तारखा बघा. 'टायगरमिल्क' जून 1996, 'सिनिस्टर' नोव्हेंबर 1996. मध्ये जेमतेम पाच महिने. पाच महिन्यांत दहा नवीन, इतकी घोटून लिहिलेली गाणी कोणी लिहित नाही, ती आधीपासून साठलेली असतात.

आणि ती साठली कशी, तर मर्डॉक विशीत असताना आजारी पडला. एमई म्हणतात त्याला, क्रॉनिक फटीग सिंड्रोमही म्हणतात, माणूस थकतो म्हणजे नेहमीसारखा थकत नाही, अंगातली शक्तीच निघून जाते आणि झोप काढूनही परत येत नाही. जवळजवळ सात वर्षं त्याची त्यात गेली. कॉलेज सुटलं, काम नाही, बरोबरीची मुलं पुढे निघून गेली, आणि या काळात तो गाणी लिहायला लागला. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. या गाण्यांतली माणसं कायम खिडकीतून बघत असतात, बसमधून बघत असतात, शाळेतल्या धावपटू मुलांकडे लांबून बघत असतात. खूप वर्षं ज्याला नुसतं बघावं लागलं त्याने लिहिलेली गाणी आहेत ही. म्हणून मी म्हणते की दोन्ही अल्बम एकाच कणगीतले आहेत.

आता फरकाचं. 'टायगरमिल्क' मोकळा आहे, थोडा विस्कळीत आहे. सगळी गिटार-पियानोची गाणी चालू असताना मध्येच 'इलेक्ट्रॉनिक रेनेसान्स' येतं, यंत्राचा ठेका, सिंथेसायझर, आवाज जुन्या रेडिओतून आल्यासारखा, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की चुकून दुसराच कोणीतरी लागला. मला ते गाणं आवडतं पण ते तिथे का आहे हे मला अजून पटलेलं नाही. 'सिनिस्टर'मध्ये असं काही होत नाही. तिथे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना आपण त्याच गल्लीत चालत राहतो.

तरीही सुरुवातीचं गाणं म्हणून बघितलं तर 'टायगरमिल्क'चं 'द स्टेट आय अ‍ॅम इन' जास्त थोर. एक मुलगा आपल्या सगळ्या चुका पाद्र्यासमोर कबूल करतो आणि तो पाद्री त्याचीच छोटी कादंबरी लिहून मोकळा होतो. पाच मिनिटांत एवढी मोठी गोष्ट, आणि चाल अशी की कोणी शेजारी बसून बोलतंय.

प्रश्न: 'टायगरमिल्क'च्या फक्त हजार प्रती निघाल्या होत्या हे खरं का? आणि त्या एका कॉलेजने काढल्या?

दोन्ही खरं. ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीत व्यवसायाचा अभ्यासक्रम होता, तो 'द असोसिएट्स' या बँडमधले अ‍ॅलन रँकिन चालवायचे, आणि विद्यार्थ्यांचं स्वतःचं इलेक्ट्रिक हनी नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, होतं. दरवर्षी एका स्थानिक बँडचं एक सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची तबकडी, काढायचं अशी पद्धत. यांच्याकडे गाणी इतकी होती की सिंगलच्या ऐवजी अख्खा अल्बम झाला, थोड्याच दिवसांत रेकॉर्ड झाला, आणि हजार प्रती, त्याही फक्त एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या. मग 'सिनिस्टर' गाजला आणि लोक आधीचा अल्बम शोधायला लागले, मिळेना, शेकडो पौंडांना एकेक प्रत विकली गेली. तीन वर्षं लोकांनी एकमेकांना कॅसेटवर भरून दिला. 1999 मध्ये जीपस्टर या त्यांच्या लेबलने तो परत काढला तेव्हा कुठे सगळ्यांना मिळाला.

म्हणजे जगातल्या बहुतेकांनी पहिला अल्बम तिसऱ्याच्या नंतर ऐकला. याचा परिणाम मतांवर होतो बरं का. ज्यांनी तो शेवटी ऐकला त्यांना तो 'सिनिस्टर'ची कच्ची तयारी वाटतो, आणि तो तसा मुळीच नाही.

(त्याच इलेक्ट्रिक हनीने पुढे स्नो पेट्रोल आणि बिफी क्लायरो या बँडचंही सुरुवातीचं काम काढलं. विद्यार्थ्यांचे कान भलतेच तयार होते.)

प्रश्न: मी गाणं शिकलेला माणूस आहे. मला प्रामाणिकपणे वाटतं की या गायकाचा आवाज कच्चा आहे, दम नाही, कुजबुजल्यासारखं गातो, वाद्यंही जागोजागी सैल आहेत. तुम्ही लोक याला मोठं का म्हणता?

सर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते मी नाकारत नाही. आवाज लहान आहे. 'सिनिस्टर'मध्ये व्हायोलिन एकदोन ठिकाणी सुराच्या काठावर आहे, ट्रम्पेट कधीकधी धापा टाकतं, आणि 'मी अँड द मेजर'मध्ये तर सगळे इतके पळतात की हार्मोनिका वाजवणाऱ्याची काळजी वाटते.

पण माझं म्हणणं असं की आवाज लहान असणं वेगळं आणि बेफिकीर असणं वेगळं. मर्डॉकचा शब्द ऐका, एकही शब्द गिळत नाही तो. ओळ कुठे तोडायची, श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द मुद्दाम उशिरा टाकायचा, हे सगळं त्याला नेमकं कळतं. तो चर्चच्या हॉलची देखभाल करायचा, तिथेच वर राहायचा, आणि चर्चच्या समूहगानातही गायचा, तर कदाचित ती सवय असेल, आपला आवाज दहा जणांत मिसळून टाकायचा, वर काढायचा नाही. मोठ्या आवाजाने हीच गाणी गायली तर गाण्यातला तो संकोची मुलगा नाहीसा होईल. एकदा डोळ्यासमोर आणून बघा, 'द फॉक्स इन द स्नो' कोणी भरदार गळ्याने गातंय. नाही चालणार.

सैलपणाबद्दल एवढंच सांगते की तुम्ही 'सिनिस्टर'चं शीर्षकगीत एकदा फक्त वाद्यांसाठी ऐका. सुरुवातीला खेळणाऱ्या मुलांचा कलकलाट आहे, मग गिटार, मग पियानो, आणि पाच मिनिटांत एकेक जण असा आत येतो की आल्याचं कळतही नाही. ही शिस्त आहे. ऐकून परत लिहा, तुमचं मत बदललं नाही तरी मला वाचायला आवडेल.

प्रश्न: माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, ती हेच ऐकत असते. मी शब्द वाचले. एकटी मुलं, आजारपण, मरणाचेही उल्लेख आहेत. काळजी करावी का?

काका, काळजी वाटणं समजू शकते. तुम्ही शब्द शोधून वाचलेत हे मला फार आवडलं. हो, 'सिनिस्टर'च्या शीर्षकगीतात एक मुलगा आणि एक मुलगी जीव देतात असा उल्लेख आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गाणं त्याचं कौतुक करत नाही, उलट अशा मुलांना जे तयार उपदेश दिले जातात ते किती अपुरे पडतात हे सांगतं, आणि सांगताना त्या मुलांची बाजू सोडत नाही.

आणि बाकीचीही माणसं बघा की. 'एक्स्पेक्टेशन्स'मधली मुलगी शाळेत कोणाला नको आहे, पण ती मातीच्या माणसाएवढ्या मूर्ती करत बसते आणि त्यात तिला आनंद आहे. 'जूडी अँड द ड्रीम ऑफ हॉर्सेस'मधली जूडी घोड्यांची स्वप्नं बघते, गाणी लिहिते. ही मुलं एकटी असली तरी रिकामी नाहीत. माझ्या मते ज्या मुलांना आपलं कोणी नाही असं वाटतं त्यांना ही गाणी सोबत करतात, मलाही केली होती. तिच्याबरोबर बसून एक अल्बम पूर्ण ऐका, मग तिला विचारा तुझं आवडतं कुठलं आणि का. ती काय सांगते त्यावरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि गाण्यांच्या बाहेर काही वेगळं जाणवलं, झोप, जेवण, बोलणं, तर मात्र गाण्यांवर न ढकलता सरळ तिच्याशी बोला आणि गरज पडली तर डॉक्टरांशी.

प्रश्न: तिसऱ्या अल्बमवर तुम्ही अन्याय केलात. 'द बॉय विथ द अ‍ॅरब स्ट्रॅप' हा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम आहे. पटत नसेल तर कारण द्या!

देते. हेच पत्र मला सगळ्यात जास्त आवडलं कारण लिहिणारा मनापासून भांडलाय.

आधी तुमच्या बाजूचं. सप्टेंबर 1998 चा हा अल्बम, ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि यात 'स्लीप द क्लॉक अराउंड' आहे. ते गाणं हळूहळू एका गुणगुणीतून वर चढत जातं आणि शेवटी बॅगपाइप येतात तेव्हा माझ्या अंगावर आजही काटा येतो. शीर्षकगीताला धड ध्रुवपद नाही, ऑर्गन आणि टाळ्यांवर नुसतं चालत राहतं आणि तरी थांबूच नये असं वाटतं. पहिलंच गाणं चोविसाव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसापासून सुरू होतं, आजारपणाने हिरावून घेतलेलं आयुष्य हा मर्डॉकचा जुनाच विषय. ही तीन गाणी 'सिनिस्टर'मध्ये ठेवली असती तरी शोभली असती.

आता माझी बाजू. इथे पहिल्यांदा बाकीचे पुढे आले. स्टीव्ही जॅक्सनची दोन गाणी, इझोबेलचं एक, डेव्हिडचा एक बोललेला तुकडा. सगळ्यांना जागा मिळाली हे बँड म्हणून चांगलंच झालं, मैत्रीत असंच असावं. इझोबेलचं 'इज इट विकेड नॉट टू केअर' सुंदर आहे. जॅक्सनचं 'सीमोर स्टाइन' ज्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाबद्दल आहे तो सायर रेकॉर्ड्सचा खराखुरा माणूस, बँडला आपल्याकडे घ्यायला आला होता, आणि गाणं छान आहे पण ते बँडबद्दलचं गाणं आहे. पहिल्या दोन अल्बममध्ये बँड कुठेच नव्हता, फक्त ती मुलं होती. इथे पहिल्यांदा गाणाऱ्यांचं स्वतःचं आयुष्य, दौरे, कंपन्या, ओळखीपाळखी आत शिरल्या. जॅक्सनचं दुसरं गाणं, 'चिकफॅक्टर', तसंच. आणि तो बोललेला तुकडा मी दर वेळी पुढे ढकलते, खोटं कशाला सांगू.

म्हणजे बारा गाण्यांपैकी आठ उत्तम. वाईट अल्बम म्हणतच नाहीये मी. पण कणगी रिकामी होत आलेली जाणवते, आणि रिकामी जागा मित्रांनी भरली.

प्रश्न: ईपी ऐकणं गरजेचं आहे का? की अल्बम पुरे?

गरजेचं आहे! हे कोणीतरी विचारावं अशी वाटच बघत होते. ईपी म्हणजे तीनचार गाण्यांची छोटी तबकडी. 1997 मध्ये त्यांनी अल्बम काढला नाही, तीन ईपी काढल्या, मे महिन्यात 'डॉग ऑन व्हील्स', जुलैमध्ये 'लेझी लाइन पेंटर जेन' आणि ऑक्टोबरात '3.. 6.. 9 सेकंड्स ऑफ लाइट'. प्रत्येकीत चार गाणी, म्हणजे झाली बारा. माझं ठाम मत आहे की हाच त्यांचा खरा तिसरा अल्बम, फक्त तीन पाकिटांत आला.

पहिली ईपी म्हणजे बँड जमण्याच्या आधीचं रेकॉर्डिंग, 'द स्टेट आय अ‍ॅम इन'चं जुनं रूप त्यात आहे, ते अल्बममधल्यापेक्षा साधं आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकली तर बाकीच्यांनी येऊन काय भर घातली ते नीट कळतं. दुसरीचं शीर्षकगीत मर्डॉकबरोबर मोनिका क्वीनने गायलंय, थ्रम बँडची ती गायिका. तो हळू, ती खणखणीत, आणि शेवटची दोनेक मिनिटं ऑर्गन-गिटार असं काही उसळतं की हा तोच कुजबुजणारा बँड यावर विश्वास बसत नाही. ज्या सरांनी वर दम नाही म्हणून लिहिलंय त्यांनी हे ऐकावं. तिसरी ईपी ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या चाळिसात गेलेली त्यांची पहिली, आणि तिच्यातलं 'अ सेंच्युरी ऑफ फेकर्स' दुसऱ्या ईपीवरच्या बोललेल्या 'अ सेंच्युरी ऑफ एल्विस'च्याच संगीतावर बेतलंय, एकच चाल एकदा गोष्ट म्हणून आणि एकदा गाणं म्हणून.

वेगवेगळं शोधायला नको असेल तर 2005 मध्ये 'पुश बारमन टू ओपन ओल्ड वूंड्स' नावाने जीपस्टरच्या काळातली सगळी सिंगल्स आणि ईपी एकत्र आल्यात. पंचवीस गाणी आहेत. पहिली बारा सलग ऐका आणि मग मला सांगा 1998 चा अल्बम जास्त चांगला आहे का.

प्रश्न: 'सिनिस्टर'चं रेकॉर्डिंग मला पातळ वाटतं. 2005 ची लाइव्ह आवृत्ती जास्त चांगली का?

ती लंडनच्या बार्बिकन या सभागृहातली, तिथे त्यांनी अख्खा अल्बम ओळीने वाजवला. आवाज भरलेला आहे, वादन पक्कं आहे, नऊ वर्षांनी हात तयार झाले होते. ज्यांना मूळ रेकॉर्डिंग कमजोर वाटतं त्यांनी नक्की ऐकावी. मी मात्र मूळवरच परत जाते. मूळ अल्बममध्ये हे लोक एकमेकांना नीट ओळखतही नव्हते, सावधपणे वाजवतायत, आणि त्या सावधपणातच गाण्यांचा स्वभाव आहे. लाल कव्हरवर ती मुलगी बसलीय आणि शेजारी काफ्काचं पुस्तक पडलंय, त्या खोलीत जसा आवाज येईल तसाच आवाज आहे तो.

प्रश्न: 1999 च्या ब्रिट पुरस्काराचा वाद काय होता?

थोडक्यात सांगते. ब्रिट म्हणजे ब्रिटनचे संगीत पुरस्कार. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट नवोदित हा पुरस्कार लोकांच्या मतांवर होता आणि तो यांना मिळाला, स्टेप्ससारख्या खूप विकल्या जाणाऱ्या ग्रुपला मागे टाकून. मग आरोप झाले की चाहत्यांनी इंटरनेटवरून मतांचा पाऊस पाडला. पाडला असेल तर पाडला, मतदान त्यासाठीच होतं. सुरुवातीला जो बँड मुलाखती देत नव्हता, प्रसिद्धीला स्वतःचे फोटोसुद्धा देत नव्हता, त्याच्यासाठी लोक एवढे धडपडले यात मला तरी गैर काही दिसत नाही.

प्रश्न: पुढचे अल्बम ऐकावेत का? आणि त्या आजारपणाबद्दल त्याने नंतर काही लिहिलं का?

ऐका की. 2003 चा, निर्माता ट्रेव्हर हॉर्नने केलेला 'डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस' झकास आहे, झगमगीत आहे, पण तो दुसऱ्या बँडचा अल्बम समजून ऐका. तोवर डेव्हिड 2000 मध्ये आणि इझोबेल 2002 मध्ये सोडून गेले होते. डेव्हिडने बँडच्या सुरुवातीच्या दिवसांवर 'इन द ऑल-नाइट कॅफे' हे पुस्तक लिहिलंय, 'टायगरमिल्क' आवडणाऱ्यांनी ते वाचावंच.

आजारपणाबद्दल मर्डॉक खूप वर्षं आडूनच लिहित राहिला, दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या गोष्टीत. सरळ लिहिलं 2015 मध्ये, 'नोबडीज एम्पायर' या गाण्यात, आणि त्याच नावाची कादंबरी 2024 मध्ये आली. मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि लगेच 'द फॉक्स इन द स्नो' लावलं. पियानोवर एकेक कडवं येतं, आधी बर्फातला कोल्हा, मग एक मुलगी, मग सायकलवरचा मुलगा, आणि कोल्ह्याला तो विचारतो की खायला शोधायला तू कुठे जातोस. इतकी वर्षं मला ते कोल्ह्याचं गाणं वाटत होतं.